हॉस्पिटलमधलं भूत : 'गोंजियाम' कुणाकुणाला चावला?

खाडीकाठचा
आमच्या ठाण्याच्या मित्रमंडळात गेले कित्येक महिने एकच पालुपद चालू होतं, 'गोंजियाम बघितलास का? दिवे घालवून बघ.' बघितला एकदाचा. 'गोंजियाम : हॉन्टेड असायलम', कोरियन, २०१८.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : भुताटकीचा चॅनेल चालवणारा एक पोरगा सहा जणांना बंद पडलेल्या मनोरुग्णालयात रात्री पाठवतो. थेट प्रक्षेपण. दहा लाख व्ह्यूज गाठायचेत. हा स्वतः बाहेर तंबूत स्क्रीनसमोर बसून 'अजून आत जा, अजून आत जा' करत राहतो. आत ४०२ नंबरची खोली आहे, जी उघडायची नाही. अर्थातच उघडायला जातात.

माझं मत : शेवटचा अर्धा तास जबरदस्त, त्याआधीचा तासभर नुसता टॉर्च, खिदळणं आणि 'ए, तू ऐकलंस का?' दीड तासाच्या सिनेमात एवढी तासभर उमेदवारी कशाला? आणि दुसरं, भूत दरवेळी हॉस्पिटलातच का? शाळा, सरकारी कचेऱ्या, बँका, कुठे कमी लोकांचा जीव गेलाय?

शेवट फोडू नका. फोडायचाच असेल तर वर 'स्पॉयलर' लिहा.

पाचपाखाडीचा_पक्या
पहिला!
(सिनेमा पाहिलेला नाही.)

तीनहातनाका
साफ असहमत. तो पहिला तास काढला तर शेवटच्या अर्ध्या तासाला काही किंमतच उरत नाही.

हलका स्पॉयलर : टोळीतल्या काही जणांचं आधीच ठरलेलं असतं की थोडी खोटी भुताटकी करायची, म्हणजे व्ह्यूज वाढतील. त्यामुळे खरं काही घडायला लागतं तेव्हा आतल्या निम्म्या लोकांना वाटतं, चाललाय आपलाच खेळ. आणि ज्यांनी खेळ मांडलाय त्यांचे चेहरे आधी पांढरे पडतात. ते चेहरे पांढरे पडलेले कळायला आधी तासभर त्यांना हसताना बघावं लागतं.

दुसरं, कॅमेरे. एक कॅमेरा समोरचं दाखवतो, एक त्या माणसाचाच चेहरा. बरंचसं चित्रण कलाकारांनी स्वतःच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांनी केलंय. या प्रकारच्या सिनेमात आपण नेहमी विचारतो की जीव वाचवायचा सोडून हा कॅमेरा का धरून बसलाय? इथे तो प्रश्नच मिटतो, कॅमेरा अंगालाच बांधलाय. पार्श्वसंगीतही जवळपास नाही. 'आता दचका' असं व्हायोलिन वाजवून कुणी सांगत नाही.

खाडीकाठचा
@तीनहातनाका, कॅमेऱ्याचं मान्य. पण हसताना बघायला वीस मिनिटं पुरली असती की. त्या सहांपैकी तिघांची नावं मला सिनेमा संपेपर्यंत लक्षात राहिली नाहीत. ज्याचं नाव माहीत नाही तो मेला तर मी का घाबरू?

अंजिरी
मी नावं लक्षात ठेवायचा नादच सोडला. निळं जॅकेट, चष्मा, ती जोरात ओरडणारी, ती अजून जोरात ओरडणारी. चाललं व्यवस्थित.

सीवूड्सची_मीनल
मी नवी मुंबईत स्टाफ नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव विचारू नका.

सिनेमा अर्धाच बघितला, झोप लागली. नाइटवरून आले होते, सिनेमाचा दोष नाही. पण 'हॉस्पिटलातच का' हा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

आमच्यात भुताच्या गोष्टी मुबलक आहेत, पण सिनेमासारखा आरडाओरडा नसतो. नियम असतात. नाइटला 'आज शांत आहे गं' असं कुणीही म्हणायचं नाही. कुणी म्हटलंच तर पाच मिनिटांत कॅज्युअल्टीतून फोन येतो आणि त्या बाईचा रात्रभर उद्धार होतो. नवीन डॉक्टर हसतात, महिन्याभराने तेच दुसऱ्याला गप्प करतात.

एकदा रात्री अडीच-तीनच्या सुमाराला रिकाम्या बेडची कॉल बेल वाजायला लागली. त्या बेडवरचे आजोबा संध्याकाळीच गेले होते. चादर बदललेली, गादी पुसलेली, उशी भिंतीला उभी टेकवलेली. इकडे स्टेशनवरच्या पॅनलवर त्या बेडचा लाल दिवा लुकलुकतोय. मी आणि ज्युनियर एकमेकींकडे बघतोय, उठत कुणीच नाही. शेवटी आमच्या मावशी उठल्या, गेल्या, बेल बंद केली आणि म्हणाल्या, "आजोबा, झालं आता. झोपा." परत येऊन राहिलेला चहा प्यायल्या. थोड्या वेळाने पुन्हा बेल. मावशी पुन्हा गेल्या.

सकाळी मेंटेनन्सवाल्याने वायरीच्या टोकाचं ते बटण उघडलं तर आत पाणी. बेड पुसताना ओलं फडकं फिरलं होतं त्यावरून. मी मावशींना सांगायला गेले तर म्हणाल्या, "असेल पाणी. आजोबांनाही रात्री पाणीच लागायचं."

पाचपाखाडीचा_पक्या
मावशींना दंडवत _/\_
आता मी हा सिनेमा बघणार नाही. मावशींवर कुणी काढला तर बघेन.

अंजिरी
शेवटच्या वाक्याला अंगावर काटा आला. कोरियन लोकांना दीड तासात नाही जमलं ते.

कुतूहल_कोपरी
रोचक. या निमित्ताने एक जुना किस्सा.

विक टँडी नावाचे ब्रिटिश अभियंते. कामाची जागा म्हणजे कोव्हेंट्रीतली प्रयोगशाळा, आणि तिथे वैद्यकीय उपकरणांचं काम चालायचं. एका रात्री एकटेच बसले असताना घाम फुटला, मान ताठ झाली आणि डोळ्याच्या कडेला राखाडी आकृती उभी दिसली. मान वळवली, आकृती गायब. दुसऱ्या दिवशी तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी पातं दुरुस्त करायला त्यांनी ते व्हाइसमध्ये धरलं आणि ते आपोआप थरथरायला लागलं. गडी अभियंता, त्यामुळे देव्हाऱ्याकडे न जाता मोजमाप करत सुटला. नवीन बसवलेल्या एक्झॉस्ट पंख्यामुळे खोलीत साधारण १९ हर्ट्झचा ध्वनी घुमत होता. माणसाच्या कानाला साधारण २० च्या खालचं ऐकू येत नाही, पण अंगाला जाणवतं. पंख्याची बसवणी बदलली, भूत गेलं. १९९८ साली त्यांनी यावर निबंध लिहिला. सगळ्याच संशोधकांना तो पटलेला नाही, हेही सांगायला हवं.

आता हॉस्पिटल बघा. एसीचे डक्ट, जनरेटर, कॉम्प्रेसर, व्हॅक्यूमचे पंप, आणि हे सगळं चोवीस तास चालू.

घोडबंदरी
म्हणजे एक्झॉस्ट फॅनवाला बोलावला की हडळ जाते? मांत्रिकापेक्षा स्वस्त पडेल. वर्षाच्या मेंटेनन्स काँट्रॅक्टमध्ये बसवून घ्या.

कुतूहल_कोपरी
@घोडबंदरी, तुमच्याकडे घोडबंदर रोडला भुतांच्या गोष्टी भरपूर ऐकू येतात, तिथे काय बसवायचं?

घोडबंदरी
तिथे भुताचं काही चालत नाही हो. गायमुख घाटात पांढऱ्या साडीतली बाई हात करून उभी राहिली तरी लिफ्ट देणार कोण? गाडी पुढे सरकेल तर ना. तीच वैतागून चालत पुढे जाते. एकदा तर आमच्याआधी काजूपाड्याला पोचली असेल.

तीनहातनाका
=)) =))

टाके_घालणारा
मी डॉक्टर. भूतबित मानत नाही, पण या सिनेमांत जे दाखवतात त्याने जीव जातो. मॉनिटरवर सरळ रेष आली, 'टीऽऽऽ' वाजलं, की हिरो पॅडल घासून शॉक देतो. सरळ रेषेला शॉक देत नाहीत हो! शॉक वेड्यावाकड्या थरथरणाऱ्या ठोक्यांना. रेष सरळ असेल तर छाती दाबायची आणि इंजेक्शन द्यायचं. त्याआधी छातीला चिकटवलेली मॉनिटरची वायर, म्हणजे लीड, निघालीय का ते बघायचं, कारण दहातल्या आठ वेळा पेशंट कुशीवर वळलेला असतो.

मृतदेहाचा आवाज मात्र खरा असतो. देह कुशीवर वळवताना छातीत राहिलेली हवा बाहेर येते आणि घशातून कण्हल्यासारखा आवाज निघतो. इंटर्नशिपमध्ये पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्ही दोघे दोन दारांनी बाहेर पडलो. वॉर्डबॉय मामा तिथेच उभे. म्हणाले, "डॉक्टर, सही राहिली."

अंजिरी
'डॉक्टर, सही राहिली' हे भयपटाचं नाव म्हणून रजिस्टर करा कुणीतरी.

कोकणस्थ_नव्हे_कोकणी
मला परदेशी भुतांचा मूळ घोटाळा वाटतो तो शिस्तीचा. आमच्या गावाकडे प्रत्येकाची हद्द ठरलेली. मुंजा पिंपळावर, चकवा माळावर, देवचार वेशीवर, हडळ विहिरीपाशी. तुम्ही वेळ आणि जागा पाळली तर त्याचा तुम्हाला त्रास नाही. नारळ दिला की विषय संपला. हे कोरियन भूत बघावं तर एका खोलीत राहतं, पण मारतं सगळ्या इमारतीत. कसला हिशेब हा?

आणि शहरातल्या मुंजाचं काय झालं, हा प्रश्न मला कायम पडतो. पिंपळ तोडून टॉवर झाला. तो टॉवरमध्ये कितव्या मजल्यावर जातो? त्याला पार्किंग मिळतं का?

पाचपाखाडीचा_पक्या
रीडेव्हलपमेंटमध्ये मुंजाला जादा कार्पेट एरिया मिळाला पाहिजे. मूळ रहिवासी आहे.

जुन्या_ठाण्यातली
धागा मजेत चाललाय, थोडं विरजण घालते.

मी मनोरुग्णालयाजवळच वाढले. आजोबा तिथे नोकरीला होते, पुढे क्वार्टर्स सोडून आम्ही बाजूलाच राहायला गेलो. ठाण्याचं हे रुग्णालय १९०१ सालचं. महाराष्ट्रात कुठेही जा, 'मी ठाण्याची' म्हटलं की समोरचा डोळा मिचकावून विचारतो, 'सुटलीस कधी?' कॉलेजात ऐकलं, सासरी ऐकलं, आता मुलगी ऐकतेय.

आत कसं होतं? एक काकू होत्या, नीट तेल लावून वेणी घातलेल्या, पदर खोचलेला. कुंपणाशी आम्ही दिसलो की विचारायच्या, "शाळा सुटली का? माझा येतोय का मागून?" आम्ही सांगायचो, येतोय. रोज. मोठं झाल्यावर आजोबांना विचारलं त्यांचा मुलगा कुठे असतो, तर ते काही बोलले नाहीत.

म्हणून मला हा सिनेमा बघवला नाही. भूत असतं तेही कुणाचं, तर रुग्णाचं. आजारी माणूस जिवंतपणीही भीतीदायक, मेल्यावर तर विचारायलाच नको. हॉस्पिटलचा कारभार वाईट होता, तर मग भूत त्या कारभाऱ्यांच्या मागे का लागत नाही? नेहमी वेडाचीच भीती का विकायची?

आणि अशा सिनेमांतले ते मनोरुग्णाच्या डोक्याला विजेचे शॉक देण्याचे प्रसंग. रुग्ण किंचाळतोय, हातपाय बांधलेत. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ९५ आहे : भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हे उपचार करायला बंदी. माणूस झोपेत असतो. पण असे सिनेमे बघून घरच्यांनी उपचार नाकारल्याची उदाहरणं माझ्याच नात्यात आहेत.

टाके_घालणारा
+१. मानसोपचारवाल्या मित्रांचं निम्मं आयुष्य सिनेमातला तो शॉक समजावून सांगण्यात जातं.

तीनहातनाका
@जुन्या_ठाण्यातली, मुद्दा पोचला. पण निदान या सिनेमाबद्दल थोडा वाद घालतो. इथे वाईट कोण? रुग्ण दिसतात क्वचित. सगळा घात करतो तो तंबूत बसलेला माणूस, आकडा वाढतोय म्हणून लोकांना आत ढकलणारा. आतून मदतीच्या हाका येतायत आणि हा व्ह्यूज मोजतोय. माझ्या मते दिग्दर्शक जुंग बुम-शिकला भूत कमी आणि तो आकडाच जास्त दाखवायचाय.

जुन्या_ठाण्यातली
मग त्याने मोबाइलच्या दुकानात काढावा सिनेमा. जागा निवडली ती कुठली, कशासाठी निवडली, त्याला काही अर्थ आहेच ना. पोस्टरवर 'मनोरुग्णालय' लिहिलं की तिकीट खपतं हे त्यालाही माहीत आहे.

तीनहातनाका
हे मात्र खोडता येत नाही. पुन्हा विचार करतो असं म्हणणार नाही, सिनेमा मला आवडलाच. पण तिकिटाचं बरोबर आहे.

कुतूहल_कोपरी
जागेचा विषय निघालाच आहे तर गंमत सांगतो. गोंजियामचं मनोरुग्णालय खरोखर होतं, सोलच्या आग्नेयेला, ग्योंगीतल्या ग्वांगजू शहरात. अख्ख्या जगात बोभाटा झाला तो २०१२ मध्ये, सीएनएनच्या पर्यटन विभागाने जगातल्या भयावह जागांच्या यादीत ते टाकलं तेव्हा. गोष्टी काय, तर डॉक्टर वेडा झाला, रुग्ण एकामागोमाग मेले. खरं कारण त्यामानाने फारच नीरस : १९९० च्या दशकात बंद पडलं तेव्हा सांडपाण्याच्या व्यवस्थेचा प्रश्न होता, पैशाची ओढाताण होती. मालक मंडळी बाहेर, इमारत तशीच पडून. मग रात्रीबेरात्री पोरं भिंत चढून आत.

सिनेमा येणार कळल्यावर मालकाने प्रदर्शन थांबवायला कोर्टात धाव घेतली. कोर्टाने ऐकलं नाही, मार्च २०१८ मध्ये सिनेमा लागला. त्याच वर्षी इमारतही पाडली. आणि चित्रीकरण तिथे झालेलंच नाही. बुसानमधल्या एका बंद पडलेल्या शाळेत केलंय.

खाडीकाठचा
म्हणजे शाळाच! मी वर काय म्हटलं होतं?

घोडबंदरी
ड्रेनेज लाइन. शेवटी सगळ्या भुतांच्या मुळाशी ड्रेनेज लाइन. आमच्या सोसायटीच्या सभेत हे वाचून दाखवतो.

अंजिरी
अवांतर : ४०२ हा आकडा मुद्दाम घेतला असणार. कोरियात चार अशुभ मानतात. कित्येक लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याच्या बटणावर ४ ऐवजी 'एफ' असतं. आमच्या मावसभावाचा कळव्यातला फ्लॅट ४०२ आहे. त्याला सिनेमा बघायला लावला. आता कुरियरवाल्याला म्हणतो, वर येऊ नका, मीच खाली येतो.

कॉरिडॉर
बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो.

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी धड हातच लावला नाही. हॉस्पिटलच का? माझं उत्तर सिनेमातलं आहे. १९९० चा 'एक्झॉर्सिस्ट ३' बघा, सगळा नाही बघितला तरी चालेल, रात्रीच्या कॉरिडॉरचा प्रसंग तेवढा बघा. कॅमेरा लांब एका टोकाला ठेवलेला, जवळपास हलत नाही. नर्स एका खोलीत जाते, बाहेर येते, कुलूप लावते, पोलीस येतो, जातो. काहीच घडत नाही. एवढा वेळ काही घडत नाही की आपण दारं मोजायला लागतो. आणि मग. पुढचं सांगत नाही.

हे बँकेत करता येणार नाही. रात्री बँक बंद असते. हॉस्पिटल रात्रीही जागं असतं आणि तरी निर्मनुष्य दिसतं, दिवे चालू आणि माणूस नाही. शिवाय तिथे कुणी कुठल्याही दारातून येऊ शकतं, पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला तर आपण त्याला कोण म्हणून विचारतही नाही. बरं, सोडून जायचं तर तेही जमत नाही, आपलं माणूस आत असतं. आयसीयूबाहेरच्या बाकावर ज्याने रात्र काढलीय त्याला विचारा. दार किलकिलं होतं आणि आतून आवाज येतो, 'अमक्यांचे नातेवाईक कोण?' बाकावरची सगळी माणसं एकदम उठतात, अमक्यांशी संबंध नसलेलीसुद्धा.

गोंजियाम यातलं काही वापरत नाही. बंद पडलेली इमारत म्हणजे नुसतं खंडहर, तिथे हॉस्पिटलपण काय राहिलं? दोन खाटा आणि गंजलेली व्हीलचेअर. म्हणून मला तो ठीकठाक वाटला. चालू हॉस्पिटलात, गर्दीच्या ओपीडीत, भर दुपारी जो घाबरवेल त्याला मानेन.

सीवूड्सची_मीनल
@कॉरिडॉर, नातेवाइकांचं अगदी बरोबर. आम्हाला ते दार उघडताना चेहरा कसा ठेवायचा हे शिकायला वर्षं जातात. नुसतं औषधाची चिठ्ठी द्यायची असली तरी आधी 'घाबरू नका' म्हणायचं, मग नाव घ्यायचं.

टाके_घालणारा
आणि तरीही ते घाबरतातच. कारण 'घाबरू नका' म्हटलंय.

कोकणस्थ_नव्हे_कोकणी
हिंदीत चालू हॉस्पिटलातलं भूत नाही का कुठे?

अंजिरी
२०१२ चा 'घोस्ट' होता की. शायनी आहुजा आणि आपल्या नाशिकची सायली भगत, ती त्यात डॉक्टर. आला तसा गेला. भुतापेक्षा मेकअप जास्त लक्षात आहे.

पाचपाखाडीचा_पक्या
मंडळी, बघितला! इतकी चर्चा झाल्यावर राहवेना. हॉलमध्ये दिवे घालवून, हेडफोन लावून. आई शेजारी लसूण सोलत बसली होती, तिलाही मध्येमध्ये स्क्रीन दिसत होता.

स्पॉयलर : ती काळ्याभोर डोळ्यांची पोरगी, चेहरा कॅमेऱ्याला चिकटलेला, तोंडाने काहीतरी भरभर पुटपुटतेय. तिथे मी हेडफोन काढून फेकला. मावशीची शप्पथ. तो आवाज अजून कानात आहे.

धागाकर्त्याला माझं उत्तर : पहिला तास लांबलाय, पण वाया नाही. वीस मिनिटं कापली असती तर सोन्याहून पिवळं. तीनहातनाका आणि खाडीकाठचा, दोघांनी अर्धा अर्धा वडापाव वाटून घ्या. कॉरिडॉर यांचं म्हणणं पटलं, इमारत हॉस्पिटलपेक्षा गोदाम जास्त वाटते.

आईचं परीक्षण वेगळं. पूर्ण वेळ ती तीनच प्रश्न विचारत होती. ही पोरं घरी सांगून आलीत का? मुलींना एकट्या का सोडतात सारख्या? आणि बाहेर बसलेल्या त्या मेल्याला कुणी आत का नाही पाठवत?

जुन्या_ठाण्यातली
आईंना माझ्यातर्फे पूर्ण मार्क. तिसरा प्रश्न तर मी कधीची विचारतेय.

खाडीकाठचा
वीस मिनिटं कापायची हे मान्य असेल तर वडापाव मी देतो, पण अख्खा. @तीनहातनाका, शनिवारी?

तीनहातनाका
कापायची कुठली ते आधी ठरवू. तंबूतली मुळीच नाही.

सीवूड्सची_मीनल
माझा उरलेला अर्धा राहिलाय अजून. उद्यापासून पुन्हा नाइट. पक्या, तो पुटपुटण्याचा प्रसंग नक्की कितव्या मिनिटाला आहे ते सांग, मावशींना दाखवायचाय. त्या काय म्हणतात ते इथे लिहिते.